भाकरी न खाणाऱ्या कुत्र्यांचे गाव

कोणत्याही गावाची पहिली ओळख डोळ्यांना व्हावयाची, असा साधारण नियम आहे. कुठे देवळाचा कळस दिसतो, कुठे नदीवरचा पूल, कुठे गिरणीचे धुराडे, आणि मग आपण मनाशी म्हणतो, "हां, आले गाव!" ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील इलुलिस्सात हे गाव या नियमाला अपवाद आहे. ते आधी कानांना भेटते. आपण गावात शिरत असतो, तोच कुठून तरी एक कुत्रे रडू लागते. त्याला दुसरे साथ देते, दुसऱ्याला तिसरे, आणि पाहता पाहता गावाकडेचे सारे खडक एका सुरात विव्हळू लागतात. आपल्याकडे रात्री एखादे कुत्रे असे रडले की घरातल्या आजीबाई अंथरुणात उठून बसतात आणि आता कुणाच्या घरी काय अशुभ घडणार म्हणून देवाचे नाव घेतात. येथे त्या रडण्याचा अर्थ फार साधा आहे. जेवणाची वेळ झाली!

त्या जेवणाचीच हकिकत मला येथे सांगावयाची आहे.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता कोपनहेगनला पुतण्याकडे गेलो होतो. तो तेथे नोकरीस आहे. आठ दिवसांत राजवाडे, कालवे आणि वस्तुसंग्रहालये पाहून झाल्यावर तो म्हणाला, "काका, एवढ्या लांब आलाच आहात, तर ग्रीनलंड पाहूनच जा."

"तिथे बर्फाशिवाय आहे काय पाहण्यासारखं?" सौ.ने विचारले.

"कुत्री आहेत, काकू!"

या एका शब्दावर प्रवास ठरला. आमच्या घरी पुण्यास मोत्या नावाचा गावठी कुत्रा आहे. दोन वेळची दूधभाकरी आणि रविवारी शिजलेल्या मटणाचे चार तुकडे यावर तो सुखाने नांदतो. अलीकडे मात्र फिरायला नेताना भेटणारी मंडळी सौ.ला ऐकवू लागली होती, "अहो, कुत्रा म्हणजे मूळचा लांडगा. त्याला कच्चं मांस आणि हाडंच घातली पाहिजेत. भाकरी कसली घालता?" तेव्हा कुत्र्यांना खरोखरीच कच्चे मांस घालणारा मुलूख पाहावा, ही तिची इच्छा अगदीच अकारण नव्हती.

कोपनहेगनहून साडेचार तासांत विमान कांगेरलुसुआकला उतरले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, अमेरिकनांनी येथे हा विमानतळ बांधला. तेथून पंख्याच्या लहान विमानाने पाऊण तास उत्तरेस गेलो, आणि खाली समुद्रात पांढरे डोंगर दिसू लागले. 'इलुलिस्सात' या शब्दाचा अर्थच मुळी 'हिमनग'. आपली पिंपळगावे आणि वडगावे झाडांवरून ओळखली जातात. येथे झाड म्हणावे असे काही उगवतच नाही, तेव्हा लोकांनी जे समोर दिसले त्यावरून गावाचे नाव ठेवले! गावाच्या दक्षिणेस एक लांबलचक खाडी आहे. तिच्या टोकाशी सेर्मेक कुयाल्लेक नावाची हिमनदी समुद्रात उतरते. तिचा वेग एखाद्या काळात दिवसाला चाळीस मीटरपर्यंत मोजला गेला आहे. तिने तोडून दिलेले बर्फाचे डोंगर खाडीत दाटीवाटीने उभे असतात. २००४ साली युनेस्कोने ही खाडी जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

परंतु हिमनगांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. मी कुत्र्यांकडे वळतो.

ग्रीनलंडी भाषेत कुत्र्याला 'किम्मेक' म्हणतात. मराठीच्या मास्तराला अनेकवचन विचारल्यावाचून राहवत नाही; ते 'किम्मित' होते. उंच, दाट केसांचा, ताठ कानांचा, शेपटीची गुंडाळी पाठीवर ठेवणारा हा प्राणी वजनाने तीस-चाळीस किलो भरतो. उत्तर ध्रुववृत्ताच्या वरच्या ग्रीनलंडात आणि पूर्व किनाऱ्यावर याच्याखेरीज दुसऱ्या जातीचा कुत्रा पाळण्यास कायद्याने बंदी आहे. जात शुद्ध राहावी हा हेतू. मोठी कुत्री गावाबाहेरच्या खडकांवर लांब साखळ्यांनी बांधलेली असतात. साखळी जेथवर पोहोचते तेथवर जमीन तुडवून गुळगुळीत झालेली, आणि तिच्या पलीकडे गवत. दुरून पाहिले तर उतारावर कुणी मोठमोठ्या भाकऱ्या थापून ठेवल्यासारखी वर्तुळे दिसतात. पिल्ले तेवढी मोकळी हुंदडतात. सौ. एका पिल्लाकडे "यू यू" करीत निघाली, तसा पुतण्या ओरडला, "काकू, हात पुढे करू नका हं! त्याची आई पाहते आहे!" आईच्या डोळ्यांत खरोखरीच आमच्याविषयी फारसे चांगले विचार नव्हते. ही कुत्री घरात घेण्याची, मांडीवर बसवण्याची नव्हेत. ती कामकरी माणसे आहेत, आणि गावही त्यांना तसेच वागवते.

या कुत्र्यांनी केवढे काम केले आहे! क्नुड रासमुसेन हा थोर प्रवासी १८७९ साली याच गावात जन्मला. त्याचे घर आता संग्रहालय आहे. १९२१ ते १९२४ या काळात त्याने उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून कुत्र्यांच्या घसरगाडीने मजल दरमजल करीत थेट बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंतचा मुलूख पालथा घातला, आणि वाटेत भेटलेल्या लोकांची गाणी व कथा टिपून घेतल्या. आम्हां भाषेच्या लोकांना असा माणूस जवळचा वाटतो. त्याच्या गाड्यांना इंधन म्हणून लागले ते मांस आणि चरबी.

आमचे यजमान पुतण्याच्या एका सहकाऱ्याचे सासरे. सत्तरी ओलांडलेले, जन्मभर शिकार आणि मासेमारी केलेले गृहस्थ. ते डॅनिशमध्ये बोलत आणि पुतण्या मराठीत सांगे. दुसऱ्या दिवशी सायंकाळी, म्हणजे घड्याळाने सायंकाळी, कारण ऊन चांगले लख्ख होते, ते आम्हांला किनाऱ्यावर घेऊन गेले. त्यांच्या मुलाने मचव्यातून एक सील आणला होता.

माझे आजोळ रत्नागिरीकडचे असल्यामुळे मासळीचे मला वावडे नाही. पण माणसाएवढा प्राणी खडकावर उघडा करताना पाहणे निराळे. सौ.ने प्रथम तोंड फिरवले. मग म्हाताऱ्याच्या हाताचे कसब पाहता पाहता तिची मान केव्हा वळली ते तिलाही कळले नाही. कातडे सलग निघाले. त्याखाली तीन-चार बोटे जाडीचा चरबीचा थर. चांगल्या मांसाचे तुकडे एका पातेल्यात गेले, ते घरासाठी. पाठीचा कणा, बरगड्या, त्यांना चिकटलेले मांस, चरबीच्या पट्ट्या, आतडी असे सारे दुसऱ्या मोठ्या टपात गेले, ते कुत्र्यांसाठी. खडकावर उरला तो केवळ रक्ताचा ओला डाग, आणि त्यावर उतरलेले समुद्रपक्षी.

टप उचलला जाताच वर डोंगरावर तो मघाचा विव्हळ सुरू झाला. आम्ही पोहोचलो तेव्हा यजमानांची अकराही कुत्री साखळीच्या टोकाला मागच्या दोन पायांवर उभी होती. त्यांनी पहिला तुकडा म्होरक्याला फेकला, मग एकेकाला नाव घेऊन. तुकडा बरोबर ज्याच्या त्याच्या तोंडाशी गेला पाहिजे; मधे पडला तर रक्तपात व्हावयाचा. मांस हवेतच झेलले जाई आणि दिसेनासे होई. चावणे हा प्रकार जवळजवळ नव्हताच. कुत्र्याचा जबडा आपल्यासारखा बाजूला हलत नाही. तो फक्त वरखाली चालतो, आणि दाढा कात्रीसारख्या एकमेकींना घासून मांस कापतात. दळण्याचे जाते त्याच्या तोंडात नाहीच. मग हाडांची पाळी आली. बरगड्या कडाकड मोडू लागल्या. तीन-चार मिनिटांत सारे आटोपले. अकरा कुत्री अंगाचे वेटोळे करून, नाकावर शेपटी ठेवून निजली, आणि डोंगरावर अशी शांतता पसरली की दूरवर कुठे तरी हिमनग फुटल्याचा तोफेसारखा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"आता पुन्हा उद्या?" मी विचारले.

"परवा. कदाचित तेरवा," यजमान म्हणाले. "उन्हाळ्यात त्यांना काम नाही. हिवाळ्यात गाडी ओढतील तेव्हा रोज."

सौ.च्या मनातली शंका अखेर ओठांवर आली. "यांना भाकरीबिकरी काही?" पुतण्याने भाकरीचा पाव केला आणि प्रश्न पोहोचवला. म्हातारबाबा खो खो हसले. "पाव मी खातो. तो कोपनहेगनकडून बोटीने येतो. इतक्या लांबून आलेली वस्तू कुत्र्याला घालायची?"

हे उत्तर मी पुष्कळ दिवस मनात घोळवीत होतो. कुत्र्याला कच्चे मांस का, या प्रश्नावर त्यांनी लांडग्याचे नाव घेतले नाही, की निसर्गाचा हवाला दिला नाही. येथे धान्य पिकत नाही आणि सील मिळतो, एवढेच त्यांचे शास्त्र. घराच्या मागे लाकडी मांडवावर हॅलिबट माशाची डोकी आणि पट्ट्या वाळत टाकल्या होत्या. वसई-वर्सोव्याकडे वलांडीवर बोंबील लटकतात तशाच. ती कुत्र्यांची हिवाळ्याची बेगमी. त्याच रात्री आमच्या पानात त्याच सीलचे 'सुआसात' आले. मांसाच्या रश्श्यात कांदा आणि मूठभर तांदूळ शिजवलेले हे तिकडचे घरगुती अन्न. भाताची शिते दिसताच सौ.ला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले! पण मला दिसत होते ते निराळेच. एकाच प्राण्यावर यजमान, त्यांचे पाहुणे आणि त्यांची कुत्री जेवली होती. एकाचे शिजवलेले, दुसऱ्याचे कच्चे, एवढाच भेद.

कुत्रा म्हणजे मूळचा लांडगा हे खरे. पण ते अर्धेच खरे. २०१३ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुके ताडून पाहिली. पिष्टमय अन्न पचवणारा एक पाचकरस स्वादुपिंडातून स्रवतो. त्याच्या जनुकाच्या लांडग्याच्या पेशीत दोनच प्रती, तर कुत्र्याच्या पेशीत चारपासून तीसपर्यंत आढळल्या. माणूस शेती करू लागला, त्याच्या उकिरड्यावर भात-भाकरी पडू लागली, आणि ती पचवू शकणारी कुत्री जगली, वाढली. पुढच्या संशोधनात असेही दिसले की ज्या मुलखात शेती फार जुनी, तेथल्या कुत्र्यांत या प्रती पुष्कळ. आणि ग्रीनलंड-सायबेरियाकडच्या कुत्र्यांत अगदी थोड्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सायबेरियाच्या उत्तरेकडील झोखोव बेटावर सापडलेल्या साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या कुत्र्याशी आजच्या ग्रीनलंडी कुत्र्याचे जवळचे नाते दिसून आले. चरबीवर जगण्याची ताकद या वंशात फार जुनी आहे. एका ग्रॅम पिठातून चार उष्मांक मिळतात, तर एका ग्रॅम चरबीतून नऊ. थंडीत दिवसभर धावणाऱ्याला सीलची चरबी का लागते ते या हिशेबावरून उमजावे.

आपल्याकडची कथा आठवा. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. कोरडी भाकरी देवाच्या घशाला लागेल म्हणून! या कथेतला भक्तिभाव थोर आहेच. पण तिच्यातला कुत्रा शास्त्राच्या दृष्टीनेही अगदी बरोबर आहे. पंढरीच्या वाळवंटातल्या कुत्र्याने भाकरीच पळवावयाची. इलुलिस्सातच्या कुत्र्याने कदाचित भाकरी टाकून तुपाची वाटी तेवढी पळवली असती.

तिसऱ्या दिवशी आम्ही सेर्मेर्मिउतला गेलो. गावापासून पायी जाण्याच्या अंतरावर, हिमखाडीच्या काठी ही ओसाड वस्ती आहे. ओल्या गवतावरून लाकडी फळ्यांची पायवाट नेली आहे. दोहो बाजूंना कापसाच्या बोंडासारखी पांढरी फुले डुलत असतात. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी येथे पहिली माणसे राहिली. पुढे एकामागून एक अशा तीन संस्कृती येथे नांदल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शेवटचे घर उठले. आज शिल्लक आहेत ती घरांची जोती आणि उकिरडे. दरडीच्या कडेला माती ढासळली आहे तेथे काळ्या थरांतून हाडांचे तुकडे डोकावतात. माणसाने मांस काढून घ्यावे आणि हाड कुत्र्याकडे टाकावे, हा व्यवहार या किनाऱ्यावर किती पिढ्या चालला असेल! कुत्र्यांची घसरगाडी येथे आणली ती यांतल्या शेवटच्या, थुले संस्कृतीच्या लोकांनी, सुमारे आठशे वर्षांपूर्वी. आपली ज्ञानेश्वरी आणि यांची घसरगाडी जवळजवळ एका वयाच्या म्हणावयाच्या.

एवढे सगळे पाहून-ऐकून कच्च्या मांसाचा पक्ष जिंकला असे कुणास वाटेल. पण कच्च्या मांसाला दुसरीही बाजू आहे, आणि ती याच समुद्रातल्या शेजारच्या बेटाने भोगली आहे. आइसलंडात मेंढी कापली की तिचे रोगट काळीज-फुफ्फुस कुत्र्याला टाकण्याची रीत होती. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढे. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडत, कुत्र्याच्या केसांना चिकटत, आणि त्याला कुरवाळणाऱ्या माणसाच्या पोटात जात. मग माणसाच्या यकृतात पाण्याने भरलेल्या गाठी धरत. १८६३ साली हाराल्ड क्राब्बे नावाचा डॅनिश शास्त्रज्ञ तेथे गेला. कुत्री तपासून त्याने हे दुष्टचक्र दाखवून दिले, आणि लोकांना समजेल अशी पुस्तिका लिहिली; ती घरोघर वाटण्यात आली. राजधानी रेक्याविकने १९२४ साली शहरात कुत्रा पाळण्यासच बंदी घातली. ती १९८४ पर्यंत सैल झाली नाही! हा रोग आइसलंडातून हटला. आपल्या देशात, जेथे खाटकाच्या दुकानामागचा टाकाऊ भाग मोकाट कुत्र्यांच्या तोंडी पडतो तेथे, तो अजूनही आढळतो. यजमानांनाही कच्च्या अन्नाचे नियम ठाऊक होते. पांढऱ्या अस्वलाचे काळीज कुत्र्यालाही घालावयाचे नाही, हा त्यांतला पहिला. त्यात अ जीवनसत्त्व इतके साठलेले असते की ते विषासारखे बाधते. जीवनसत्त्व हा शब्द जन्माला येण्यापूर्वीच त्यांच्या वाडवडिलांना हे कळले होते.

शेवटच्या सायंकाळी आम्ही घराच्या पायरीवर कॉफी पीत बसलो होतो. मी सहज विचारले, "आपली अकराच कुत्री?"

"पूर्वी चोवीस होती."

मग ते सावकाश सांगू लागले. हिवाळ्यात समोरचा उपसागर गोठावयाचा. त्या बर्फावरून कुत्र्यांची गाडी घेऊन दूर जावयाचे, बर्फाला भोके पाडून हॅलिबटसाठी लांब दोर सोडावयाचे, बर्फाखाली सीलसाठी जाळी लावावयाची. जे मिळेल ते कुत्र्यांनीच ओढून घरी आणावयाचे, आणि त्यातलेच कुत्र्यांनी खावयाचे. कुत्रे अन्न आणी आणि अन्न कुत्र्याला पोशी. शतकानुशतके हे चाक फिरत राहिले. १९९० नंतर मात्र उपसागर पूर्वीसारखा भरवशाने गोठेनासा झाला. बर्फ उशिरा धरतो, पातळ धरतो. कधी धरतच नाही. त्यांचा मुलगा बारा महिने मचवा चालवतो. मचव्याला पेट्रोल लागते, पेट्रोलला पैसे, आणि पैशासाठी मासा कारखान्यात विकावा लागतो. साखळीला बसलेल्या कुत्र्यांना घालावयाचे काय? दुकानात कोरड्या खाद्याची पोती मिळतात. तीही बोटीने येतात, पावासारखीच. एकेकाळी या गावात माणसांपेक्षा कुत्री जास्त होती. साऱ्या ग्रीनलंडातील घसरगाडीची कुत्री गेल्या पंचवीस-तीस वर्षांत निम्म्यावर आली आहेत.

"मग बाकीची तेरा?" सौ.ने विचारले. हा प्रश्न विचारू नये असे मला वाटत होते. पण बायका अशा ठिकाणी अधिक धीट असतात.

यजमानांनी उजव्या हाताचे बोट किंचित वाकवले. बंदुकीचा चाप ओढावा तसे. पुतण्याला त्याचे भाषांतर करावे लागले नाही.

"एकदम नाही," थोड्या वेळाने ते म्हणाले. "चार हिवाळ्यांत. अर्धपोटी ठेवण्यापेक्षा ते बरे."

सौ.च्या डोळ्यांत पाणी आले. मला आमुंडसेन आठवला. १९१० साली त्याने ग्रीनलंडची सत्त्याण्णव कुत्री आगबोटीत घालून दक्षिणेकडे नेली. त्यांतली बावन्न घेऊन तो १९११ च्या ऑक्टोबरात दक्षिण ध्रुवाकडे निघाला, आणि परत आली ती अकरा. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कुत्री मारून त्यांचे मांस उरलेल्या कुत्र्यांना आणि माणसांना द्यावयाचे, असा त्याचा आधीपासूनच बेत होता. शाळेत आपण ध्रुवावर फडकणारा झेंडा शिकतो. त्याखालचा हा हिशेब कुणी शिकवीत नाही. आमचे यजमान आमुंडसेनसारखे विजयी वीर नव्हते. हे सांगताना त्यांचा कॉफीचा पेला त्यांच्या हातात तसाच गार झाला.

पुण्यास परतल्यावर लोकांनी अर्थातच विचारले, "काय मग, कुत्र्यांना कच्चंच ना?" या पंथाचा अलीकडचा उगम ऑस्ट्रेलियात आहे. इयन बिलिंगहर्स्ट या पशुवैद्याने १९९३ साली कुत्र्याला हाड द्या असे सांगणारे पुस्तक लिहिले, आणि ते जगभर गेले. आता पुण्या-मुंबईतही कुत्र्यांसाठी गोठवलेल्या कच्च्या मांसाचे पुडे घरपोच येतात. त्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणत नाही. शिजवलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या कपच्या आतड्याला टोचतात, आणि कच्चे हाड त्या मानाने बरे, हे पशुवैद्यही सांगतात. दात मोडण्याची आणि घशात अडकण्याची भीती मात्र त्यातही आहे. पण नुसते निवडक कच्चे मांस म्हणजे सील नव्हे. सीलमध्ये मांसाबरोबर चरबी, रक्त, आतडी आणि हाडे सारे येते. आणि केवळ मांसावर वाढवलेल्या पिल्लाला चुना कमी पडून त्याची हाडेच लुळी पडतात. शिवाय तेथे हवाच शीतकपाटाचे काम करते. आपल्याकडे वैशाखात ओट्यावर वितळत ठेवलेल्या मांसात रोगजंतूंची पैदास व्हावयाला कितीसा वेळ! ते जंतू कुत्रा एक वेळ पचवील. त्याच ओट्यावर ज्याची दुधाची बाटली ठेवलेली असते ते तान्हे मूल पचवणार नाही. अमेरिकेतील पशुवैद्यकीय संघटनेने २०१२ साली कच्च्या मांसाविरुद्ध सल्ला दिला तो कुत्र्यांइतकाच घरातल्या माणसांच्या काळजीनेही.

तेव्हा सौ.ने निकाल दिला तो असा : मोत्याचे वाडवडील देशावरचे. त्यांनी ज्वारीच्या राखणीला भुंकून ज्वारीच खाल्ली. त्याला भाकरी, दूध, अंडे आणि शिजवलेले मटण मिळत राहील. शंका आली तर पशुवैद्याला विचारू, फिरायला येणाऱ्यांना नाही. मला या निकालावर अपील करण्यासारखे काही दिसले नाही.

परंतु इलुलिस्सातहून आणण्यासारखी गोष्ट भाकरी की मांस ही नव्हे, असे मला वाटते. निघण्याच्या सकाळी यजमानांच्या अंगणात दोन पिल्ले एका वाळक्या माशाच्या डोक्यासाठी झोंबत होती. दोन्ही ठेवणार का, असे पुतण्याने विचारले. म्हातारबाबांनी लगेच उत्तर दिले नाही. ते घरामागच्या मांडवाकडे गेले आणि वाळत घातलेल्या हॅलिबटच्या रांगा एका बोटाने मोजू लागले. एक रांग, दोन रांगा, तीन. मग आकाशाकडे पाहिले, समुद्राकडे पाहिले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले.

आपल्याकडे वाढदिवसाला मुलाने हट्ट धरला की रिबीन बांधलेले पिल्लू टोपलीतून घरी येते, आणि ते काय खाईल, कोण घालील, पंधरा वर्षे कोण सांभाळील, याचा विचार नंतर सुरू होतो. मग वर्षभरात त्यांतली कित्येक रस्त्यावर दिसू लागतात. त्या बर्फाळ गावी पिल्लाला नाव देण्याआधी मांडवावरची मासळी मोजतात.

"दोन्ही राहतील," अखेर ते म्हणाले. आणि आम्ही येथे आल्यापासून प्रथमच म्हातारबाबा खाली वाकून एका पिल्लाचे कान कुरवाळताना दिसले.